होडी गटाची, मग कागदही गटाचेच
खाडीत पर्यटकांची फेरी सुरू करण्याआधी: नोंदणी, चालवण्याचे प्रमाणपत्र आणि रेडिओ

मैत्रिणींनो, खाडीकाठच्या गटांत सध्या एक विषय सारखा निघतो. पापड, मसाले, कोकम करून झाले, आता पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवायचे. कल्पना चांगलीच आहे आणि ती हवेतली नाही. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका २०१७ पासून वल्ह्याच्या होडीतून कांदळवन सफर करतात, हे आपल्यापैकी पुष्कळ जणींनी ऐकले आहे. काहींनी तिथे जाऊन पाहिलेही आहे.

पण सभेत चर्चा होते ती जेवणात काय द्यायचे, तिकीट किती ठेवायचे, फलक कुठे लावायचा याची. होडी कोणाच्या नावावर, ती चालवणार कोण आणि त्याच्याकडे कागद कुठला, इथे आले की सगळ्या एकमेकींकडे बघतात. मग कोणीतरी म्हणते, "ते भाऊजी बघतील." हा लेख त्या भाऊजींवर सोडलेल्या कामाबद्दल आहे.

भाऊजींनी मदत करू नये असे नाही, जरूर करावी. पण कर्ज गटाने घेतले, हप्ता गट फेडतो, आणि होडीची नोंदणी मात्र घरातल्या पुरुषाच्या नावावर, तर उद्या वाद झाला की कागद बोलतो, गट बोलत नाही. चालवण्याचेही तसेच. भर मे महिन्यात, गर्दीच्या वेळी, पगारी तांडेल दुसरीकडे जास्त पैसे मिळतात म्हणून निघून गेला तर होडी धक्क्याला बांधून ठेवावी लागते. आणि तिसरी गोष्ट सगळ्यांत मोठी. होडीत बसलेली माणसे आपल्या भरवशावर बसलेली असतात.

आधी होडी कोणती ते ठरवा

वल्ह्याची होडी आणि इंजिनाची होडी यांना कायदा वेगळ्या नजरेने बघतो. खाडी, नदी, धरणाचे पाणी यांसाठी पूर्वी १९१७ चा कायदा होता, इंग्रजांच्या वेळचा. त्याच्या जागी आता अंतर्देशीय जहाज कायदा, २०२१ आला आहे. या कायद्यात इंजिनाच्या होडीला नोंदणी, सर्व्हे म्हणजे तपासणीचे प्रमाणपत्र, विमा आणि प्रमाणपत्रधारक चालक या चारही गोष्टी लागतात. बिनइंजिनाच्या होड्यांसाठी वेगळे प्रकरण आहे, आणि त्यांची नोंद ठेवण्याचे काम राज्य सरकार स्थानिक स्वराज्य संस्थांकडेही देऊ शकते.

म्हणून वल्ह्याच्या होडीने सुरुवात केलेली बरी, असे आमचे मत. खर्च कमी, आवाज नाही, पक्षी उडून जात नाहीत, आणि कांदळवन बघायला येणारा माणूस घाईत नसतोच. इंजिन नंतर बसवता येते. मात्र इंजिन बसवले की होडी कायद्याने वेगळी झाली, हे विसरायचे नाही. "लहानसे तर इंजिन आहे" हे उत्तर कोणी ऐकून घेत नाही.

एक चूक फार होते, तिच्याबद्दल स्पष्टच लिहिते. मासेमारीची होडी घरात आहेच, तिच्यावरच बाकडी टाकून पर्यटक फिरवू, हा विचार मनात आला असेल तर तो काढून टाका. मासेमारीच्या होडीची नोंदणी आणि परवाना मासेमारीसाठीच असतो. भाडे घेऊन प्रवासी नेण्यासाठी तो चालत नाही. हा नुसता कागदी नियम नाही. मासेमारीच्या होडीचा तळ, तिचा समतोल हे जाळे, बर्फ आणि चार-पाच माणसे धरून केलेले असते. वर छप्पर, बाकडी, त्यावर तीस माणसे चढवली की सगळे वजन वर जाते आणि होडी डळमळू लागते. केरळमध्ये तानूर इथे ७ मे २०२३ ला जी बोट उलटली आणि २२ जण गेले, ती मुळात मासेमारीची बोट होती, तिला पर्यटकांची बोट केले होते. शिवाय तिच्यात माणसेही क्षमतेपेक्षा जास्त भरली होती. मेलेल्यांत लहान मुले बरीच होती.

जायचे कोणाकडे

आपल्या किनाऱ्यावर प्रवासी बोटी आणि जलक्रीडा यांचे काम महाराष्ट्र सागरी मंडळ बघते. हे मंडळ १९९६ च्या कायद्याने झाले. त्याची प्रादेशिक बंदर कार्यालये वांद्रे, मोरा, राजपुरी, रत्नागिरी आणि वेंगुर्ला या बंदर समूहांसाठी आहेत, आणि लहान बंदरांवर बंदर निरीक्षक असतो. तुमच्या खाडीचा निरीक्षक कोण, हे जेट्टीवरच्या कोणालाही विचारा, लगेच सांगतील. होडी घ्यायच्या आधी त्याला एकदा भेटा. आधी, हं. होडी बांधून झाल्यावर मग "हिला परवानगी मिळेल का" विचारण्यात अर्थ नसतो. कारण बाकड्यांची जागा, बाजूचा कठडा, होडीची लांबी-रुंदी यांवरच किती माणसे बसवायची ते ठरते.

घाटावरच्या, धरणाकाठच्या मैत्रिणींनी आधी जलसंपदा विभागाकडे जायचे, कारण पाणी त्यांच्या ताब्यात असते. "आमच्याकडे समुद्र नाही, आम्हाला काय धोका" असे म्हणू नका. उजनीच्या पाण्यात २१ मे २०२४ ला कळाशी आणि कुगावच्या दरम्यान जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. धरणाच्या उघड्या पाण्यावर संध्याकाळचा वळीव कसा अचानक येतो, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

कांदळवनात फिरवायचे असेल तर वनविभागाचा कांदळवन कक्षही आलाच. तो २०१२ मध्ये सुरू झाला. कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजनेत निसर्ग पर्यटनासाठी गटांना मदत मिळते. त्यासाठी गावात कांदळवन सहव्यवस्थापन समिती लागते. तुमच्या गावात ती असेल, तर तिच्यात आपल्या गटातल्या किती जणी आहेत ते आधी बघा.

नाव कोणाचे लावायचे

इथे जरा थांबून वाचा. आपला गट बँकेच्या दृष्टीने गट असतो, त्याचे खाते असते, ठराव असतात. पण बहुतेक गट कुठल्या कायद्याखाली नोंदवलेली संस्था नसतात. मग नोंदणीच्या अर्जात मालक म्हणून काय लिहायचे? वाटा दोन-तीन आहेत. तुमचा संघ नोंदणीकृत असेल तर होडी संघाच्या नावे आणि चालवायला गटाकडे, असा लेखी करार करता येतो. नाहीतर व्यवसाय करणाऱ्या सदस्यांनी भागीदारी किंवा सहकारी संस्था नोंदवायची. अगदीच नाही जमले तर दोन-तीन सदस्यांच्या संयुक्त नावे नोंदणी आणि सोबत गटाचा ठराव, की ही होडी गटाच्या पैशातून घेतली आहे, मिळकत गटाची आहे आणि नावे फक्त कागदासाठी आहेत. ठरावावर सगळ्यांच्या सह्या हव्यात, हजर नसलेलीच्याही.

कर्ज काढून होडी घेतली असेल तर नोंदणीत तो बोजाही चढतो. बँकेला ते हवेच असते आणि आपल्यालाही बरे असते, कारण बोजा असलेली होडी कोणी परस्पर विकू शकत नाही.

होडी बांधणाऱ्याचा दाखला, इंजिनाचे बिल आणि त्यावरचा इंजिन नंबर जपून ठेवा. गावातल्या सुताराने बांधलेली होडी असली तरी त्याच्याकडून लेखी घ्या: कधी बांधली, लाकूड की फायबर, लांबी किती, पैसे कोणी दिले. पावती मागितली की आपल्या लोकांना राग येतो. येऊ दे.

सर्व्हे म्हणजे काय बघतात

सर्व्हेअर होडी पाण्यातही बघतो आणि काढूनही बघतो. तळाला चीर आहे का, इंजिन नीट बसले आहे का, पेट्रोलची टाकी कुठे आहे, आग विझवायचे सिलिंडर आहे का, नांगर आणि दोर आहे का, आत आलेले पाणी उपसायची सोय काय. पाण्याचेही झोन केलेले असतात, लाटा किती उंच उठतात त्यावरून. आतल्या खाडीसाठी पास झालेली होडी खाडीच्या तोंडाबाहेर न्यायची परवानगी नसते. पर्यटक हटकून म्हणतात, "ताई, जरा बाहेर डॉल्फिन दाखवा ना, जास्त पैसे देतो." तुमचा कागद आतल्या पाण्याचा असेल तर उत्तर नाही. विमाही मग चालत नाही, हे त्यांना सांगितले तरी चालेल.

प्रमाणपत्रावर माणसांचा आकडा लिहिलेला असतो. तो आकडा होडीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्या, म्हणजे वाद घालायला जागा उरत नाही. या आकड्याबद्दल थोडे समजून घेऊ या. होडीत वजन वाढले की ती खाली बसते आणि पाण्यावर राहिलेला काठ कमी होतो. मग दुसऱ्या बोटीने उठवलेली साधी लाटही आत येते. आत आलेले पाणी एका जागी थांबत नाही. होडी ज्या बाजूला कलते तिकडे धावते आणि तिला आणखी कलवते. त्यातच एखाद्याने "बगळा बघा" म्हटले आणि सगळे एका बाजूला फोटो काढायला उठले, की संपले. म्हणून दोन गोष्टी कायम: आकड्याच्या वर एकही माणूस नाही, आणि चालत्या होडीत कोणी उभे राहायचे नाही. लहान मूल मांडीवर आहे म्हणून मोजायचे नाही, असेही नाही. मोजायचे.

जीवरक्षक जॅकेट प्रत्येकाला हवे, आणि मुलांच्या मापाची वेगळी हवीत. मोठ्याचे जॅकेट मुलाला घातले तर पाण्यात ते वर निघून जाते आणि मूल खाली राहते. जॅकेट बाकाखाली गाठोडे करून ठेवण्यासाठी नसते. मुंबईत १८ डिसेंबर २०२४ ला एलिफंटाला जाणाऱ्या नीलकमल बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि १५ जीव गेले. तेव्हा पुष्कळ प्रवाशांच्या अंगावर जॅकेट नव्हते. पाणी आत आल्यावर गर्दीत जॅकेट शोधून, नाड्या बांधून कोणी घालू शकत नाही. म्हणून धक्क्यावरच घालायला लावा, मग होडीत पाय. आणि आपणही घालायचे. साडी असेल तर पदर आधी नीट खोचून घ्यायचा आणि जॅकेट त्याच्यावरून, पट्टा कमरेला घट्ट. सुकाणूवर बसणारीने मात्र साडीचा हट्ट सोडावा, पंजाबी ड्रेस किंवा पँट बरी. ओला काष्टा घेऊन पोहणे किती जड जाते, हे विहिरीत पोहलेल्या कोणालाही विचारा.

चालवण्याचे प्रमाणपत्र

इंजिनाची प्रवासी होडी चालवायला सक्षमतेचे प्रमाणपत्र लागते. आपल्याकडे जुन्या माणसांच्या तोंडी 'सारंगाची परीक्षा' आहे, ती हीच. जुन्या पद्धतीत सारंग, त्यावर दुसऱ्या वर्गाचा मास्टर, त्यावर पहिल्या वर्गाचा मास्टर अशा पायऱ्या, आणि इंजिन सांभाळणाऱ्या ड्रायव्हरची परीक्षा वेगळी. नव्या कायद्याच्या नियमांत नावे बदलली तरी गाभा तोच आहे: आधी बोटीवर काम, मग डोळे आणि तब्येत तपासणी, मग परीक्षा.

आपल्या बायका अडतात त्या पहिल्या पायरीवर. बोटीवर काम केल्याचा दाखला लागतो. कोळणी, भोयणी, खाडीकाठच्या कितीतरी बायका आयुष्यभर होडीत असतात, शिंपल्या काढायला, तर ओलांडायला, पण त्याची नोंद कुठेच नसते. म्हणून आजपासून नोंद ठेवा. साधी वही घ्या. तारीख, कोणती होडी, नोंदणी क्रमांक, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, काय काम केले, आणि खाली होडीच्या मालकाची किंवा तांडेलाची सही. परीक्षेला कोणता दाखला चालतो ते बंदर कार्यालय सांगेल, पण दाखला मागायला गेल्यावर वही पुढे ठेवता आली तर "तुम्ही कधी चालवली होडी?" हा प्रश्न तिथेच मिटतो.

डोळे तपासताना रंग ओळखता येतात का ते बघतात. का, तर पाण्यात दिव्यांचीच भाषा असते. होडीच्या डाव्या बाजूला लाल दिवा, उजव्या बाजूला हिरवा. समोरून येणाऱ्या बोटीचे दोन्ही दिवे दिसले तर ती सरळ आपल्या अंगावर येते आहे. अशा वेळी दोघांनीही आपापल्या उजवीकडे वळायचे. अरुंद खाडीतही आपल्या उजव्या काठाने चालायचे. रस्त्यावर डावीकडून, पाण्यात उजवीकडून. पहिले काही दिवस डोके गोंधळते, पण मग हात आपोआप वळतो. समुद्रातून खाडीत शिरताना लाल बोया डाव्या हाताला आणि हिरवा उजव्या हाताला ठेवायचा. हे तोंडी परीक्षेत विचारतातच.

भरती-ओहोटीचे तुम्हाला शिकवायला नको. उधाण आणि भांग आपल्या बोलण्यातलेच शब्द आहेत. तरी तिथीच्या पाऊणपटीचा हिशेब नवीन मुलींना शिकवा: चतुर्थी असेल तर चारचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या सुमारास. हा अंदाज मुंबईच्या आसपासचा. खाडीत आत जावे तशी वेळ मागे सरकते, म्हणून आपल्या धक्क्यावर आठ-पंधरा दिवस घड्याळ लावून बघा आणि फरक लिहून ठेवा. फेरीचे वेळापत्रक यावरच करायचे. पर्यटकांना घेऊन ओहोटीत चिखलावर बसून राहणे म्हणजे सगळ्यांचे हसे. शिवाय अंधार पडला तर हसण्यावारी नेता येत नाही.

इंजिन शिकताना एक छोटी गोष्ट पहिल्या दिवसापासून अंगवळणी पाडा. आउटबोर्ड इंजिनाला एक लाल दोरी असते, तिचे दुसरे टोक चालवणारीच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवायचे. ती पाण्यात पडली तर दोरी निघते आणि इंजिन बंद पडते. दोरी नसेल तर होडी तशीच गोल फिरत राहते आणि फिरता पंखा पाण्यात पडलेल्या माणसावर येतो. पुष्कळ पुरुष ही दोरी इंजिनालाच गुंडाळून ठेवतात, कटकट नको म्हणून. त्यांचे बघून तुम्ही शिकू नका.

प्रशिक्षणासाठी जवळची जागा म्हणजे गोव्याची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था. ती केंद्र सरकारच्या पर्यटन प्रशिक्षणाच्या संस्थेचा भाग आहे. तिथे पॉवरबोट हाताळण्याचा आणि पाण्यात जीव वाचवण्याचा असे अभ्यासक्रम चालतात. संघाने चार गटांतल्या मिळून आठ-दहा जणींची यादी करून एकत्र पाठवले, तर राहण्या-जेवण्याचा खर्च वाटला जातो आणि घरून सोडायलाही कुरकूर कमी होते. एका गटातून एकीला पाठवू नका, निदान दोघींना पाठवा. एक आजारी पडली, एकीचे लग्न झाले, एकीचे बाळंतपण आले तरी होडी चालली पाहिजे. आणि परीक्षा न देता प्रमाणपत्र आणून देतो म्हणणारा कोणी भेटला, तर पैसे काढू नका. अपघात झाला की तो कागद सगळ्यांत आधी तपासला जातो.

रेडिओ कशाला, मोबाईल आहे की

हा प्रश्न हमखास येतो. मोबाईलवरून तुम्ही एका माणसाशी बोलता. तो नंबर लागला पाहिजे, त्याने उचलला पाहिजे, रेंज पाहिजे. कांदळवनाच्या वळणात रेंज जाते, हे आपण रोज बघतो. बोटीवरचा व्हीएचएफ रेडिओ बोलला की आसपासच्या सगळ्या बोटींना एकदम ऐकू जाते. त्यांतली सर्वांत जवळची बोट मदतीला येते, आणि बहुतेक वेळा वाचवणारी हीच असते.

या रेडिओचा चॅनल १६ जगभर संकटासाठी आणि हाक मारण्यासाठी राखलेला आहे. सगळे त्यावर कान ठेवून असतात. त्यावर हाक मारायची, समोरच्याने ओ दिली की दुसऱ्या चॅनलवर जाऊन बोलायचे. "जेवण झाले का" हे १६ वर विचारायचे नाही. तुम्ही बटण दाबून धरले आहे तोवर त्या चॅनलवर दुसऱ्या कोणालाही बोलता येत नाही, आणि नेमकी त्याच वेळी कोणाची होडी बुडत असेल. हातातल्या संचाची ताकद साधारण ५ वॉट असते, होडीत बसवलेल्याची २५ वॉटपर्यंत. लाटा सरळ रेषेत जातात, म्हणून अँटेना जितका उंच तितके लांब ऐकू जाते. डोंगर मध्ये आला की आवाज अडतो.

आता कागदाचे. हा संच दुकानातून आणून लावला, इतके सोपे नाही. आपल्या देशात बिनतारी संचासाठी केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचा परवाना लागतो, हे काम त्यांच्या वायरलेस प्लॅनिंग विभागाकडे आहे आणि अर्ज सरल संचार या पोर्टलवर होतो. नव्या संचांत लाल बटण असते, झाकणाखाली. ते दाबले की संचाचा नऊ अंकी ओळख क्रमांक आपोआप चॅनल ७० वर जातो, आणि संच जीपीएसला जोडलेला असेल तर ठिकाणही. भारतातल्या बोटींचा हा क्रमांक ४१९ ने सुरू होतो. परवाना न काढता संच लावला तर क्रमांकच नाही, मग ते बटण दाबून कोण संकटात आहे ते कसे कळणार?

परवाना संचाचा झाला, बोलणाऱ्याचे प्रमाणपत्र निराळे. मोठ्या जहाजांवर जीएमडीएसएस नावाची पद्धत १ फेब्रुवारी १९९९ पासून पुरती लागू आहे आणि ती चालवणाऱ्या अधिकाऱ्याला त्याचे प्रमाणपत्र काढावे लागते. आपल्या खाडीतल्या दहा-वीस माणसांच्या होडीला एवढे मोठे प्रमाणपत्र लागत नाही. तुमच्या होडीत कोणते संपर्काचे साधन हवे, ते सर्व्हेच्या वेळी विचारून लिहून घ्या. पण प्रमाणपत्र लागो न लागो, बोलायची रीत मात्र आलीच पाहिजे. त्यासाठी लांब जायला नको. कोकणात गावोगाव मर्चंट नेव्हीतली मुले आहेत. सुट्टीवर आलेल्या एखाद्याला दोन तास गटासमोर बसवा. त्याने ही परीक्षा दिलेली असते, आणि आईच्या वयाच्या बायका शिकायला बसल्या की तो मनापासून शिकवेल.

संकटाची हाक अशी असते. संच चालू, चॅनल १६, पूर्ण ताकद. बटण दाबून, सावकाश: "मेडे, मेडे, मेडे." मग होडीचे नाव तीनदा. मग पुन्हा मेडे आणि होडीचे नाव एकदा. लगेच ठिकाण: कुठल्या खाडीत, कुठल्या जेट्टीपासून किती लांब, कोणत्या बाजूला. मग झाले काय: पाणी शिरले, आग लागली, माणूस पडला. मग कोणती मदत हवी. मग होडीत एकूण माणसे किती, मुले किती. शेवटी "ओव्हर" आणि बटण सोडायचे. बटण सोडले नाही तर उत्तर ऐकूच येत नाही. घाबरलेला माणूस नेमके हेच विसरतो. जीव धोक्यात नाही पण मदत हवी, समजा इंजिन बंद पडले आणि नांगर टाकून थांबलोय, तर मेडे म्हणायचे नाही, "पॅन-पॅन" तीनदा म्हणायचे. मेडे हा शब्द १९२० च्या दशकात लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर निघाला, 'मला मदत करा' या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून. म्हणून त्याचा मे महिन्याशी काही संबंध नाही. आमच्या एका बैठकीत यावरून बराच हशा झाला होता, पण शब्द मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिला.

मराठीत बोलले तर चालेल का? आपल्या किनाऱ्यावर जवळच्या होड्या मराठी, कोकणीच समजतात, तेव्हा मेडे म्हणून झाले की पुढचे मराठीत बोला. अडखळत इंग्रजी बोलण्यापेक्षा ठिकाण आणि आकडा नीट कळणे महत्त्वाचे.

हे बायकांचे काम नाही असे कोणी म्हणाले, तर राधिका मेनन यांचे नाव सांगा. केरळच्या या बाई जहाजावर लागल्या त्या रेडिओ ऑफिसर म्हणून. पुढे परीक्षा देत देत कॅप्टन झाल्या. जून २०१५ मध्ये बंगालच्या उपसागरात 'दुर्गम्मा' नावाची मासेमारीची होडी इंजिन बंद पडून खवळलेल्या समुद्रात भरकटत होती. राधिकाताईंनी आपले जहाज तिच्याजवळ नेले आणि सातही मच्छीमारांना वर काढले. त्यासाठी २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा शौर्य पुरस्कार त्यांना मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई.

रेडिओ येईपर्यंत निदान हे नंबर होडीत रंगवून ठेवा: तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३, आणि सगळीकडे चालणारा ११२. मोबाईल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, गळ्यात. प्रत्येक जॅकेटला शिट्टी. आणि धक्क्यावर एक वही: होडी निघाली किती वाजता, माणसे किती, परत कधी येणार. वही सांभाळणारी सदस्य होडीत बसायची नाही. सांगितलेल्या वेळेपेक्षा होडीला अर्धा तास उशीर झाला की तिने फोन सुरू करायचे, "येतील की" म्हणून वाट बघायची नाही. तिलाही फेरीतला वाटा द्या, कारण ती काम करते आहे.

पावसाळ्यात पर्यटकांच्या फेऱ्या बंद असतात, तेव्हा कागदांची कामे उरकायला हेच महिने बरे. होडी वर ओढलेली असते, तळ बघता येतो, सुतारही मोकळा असतो. जूनच्या मासिक सभेत नाव कोणाचे लावायचे तो ठराव घ्या, जुलैत बंदर कार्यालयात जाऊन अर्जाचा नमुना आणि फीचा तक्ता आणा, प्रशिक्षणाला जाणाऱ्या दोघींची नावे संघाकडे द्या. बंदर कार्यालयात जाताना तिघी-चौघी मिळून जा, त्यांतली एक लिहून घेणारी हवी. दिलेल्या प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच आणि शिक्का घेतल्याशिवाय उठू नका.